उपकारकर्ते नकोत, मित्र हवेत



विदर्भातल्या कास्तकाराच्या दारात मदत घेऊन येणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. २००५-०६ नंतर तर रीघ लागली. पुढारी आले, अधिकारी आले, मुंबई-पुण्याच्या संस्था आल्या. कोणी साड्या आणल्या, कोणी शिलाई मशीन, कोणी धनादेश. फोटो निघाले, गाड्या परत गेल्या. येणाऱ्यांतले पुष्कळजण मनाने चांगले होते, हे मान्य केले पाहिजे. पण त्यांच्या येण्याने कापसाच्या क्विंटलमागे एक रुपया वाढला नाही, आणि पुढच्या जूनमध्ये बियाण्यासाठी सावकाराच्या ओट्यावर बसायची पाळी टळली नाही.

१ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात जोडधंदा म्हणून दुधाळ गाई देण्याचीही योजना होती. कोरडवाहू शिवारात, जिथे उन्हाळ्यात माणसाला प्यायला पाणी नाही आणि ज्वारीचा पेरा गेल्यामुळे कडबा नाही, तिथे दिवसाला ढीगभर चारा आणि ढेप मागणारी गाय येऊन उभी राहिली. गाईचे खाणे दुधाच्या पैशाहून महाग पडू लागले. अनेकांनी ती विकली, कित्येकांनी नुसती देऊन टाकली. यात गाईचा काय दोष? 'तुला काय पाहिजे?' हा प्रश्न घरधन्याला कोणी विचारला नव्हता, एवढाच काय तो दोष.

आज या अंकात हाच प्रश्न घ्यायचा आहे. शेतकऱ्याला बाहेरच्या माणसाची गरज आहे की नाही? असेल तर ती कोणत्या नात्याने? आपल्या आंदोलनाची घोषणाच आहे, 'भीक नको, हवे घामाचे दाम'. तिचा अर्थ काहीजण असा लावतात की शहरातल्या माणसाशी आपले काही देणेघेणे नाही. हा अर्थ बरोबर नाही. भीक नको म्हणणाऱ्याला मित्र चालतो. मित्र कोणता आणि दाता कोणता, हे ओळखता मात्र आले पाहिजे.

ते ओळखायला लांब जायला नको. नागपूरहून शंभरेक किलोमीटरवर वरोरा आहे. तिथे १९५१ साली बाबा आमटे आणि साधनाताईंनी सहा महारोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन आनंदवन सुरू केले, ही गोष्ट आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण तिच्यातला बाजाराचा भाग फारसा कोणी सांगत नाही, आणि कास्तकाराने लक्षात ठेवावा असा तोच भाग आहे.

दगडाळ, पडीक जमीन. झडलेल्या बोटांच्या माणसांनी तिथे विहीर खोदली, जमीन फोडली, धान्य पिकवले, भाजी पिकवली. पोटापुरते होऊन भाजी उरू लागली. मग ती विकायला वरोऱ्यात नेली. कोणी घेईना. भाजी ताजी होती, भाव कमी होता, पण पिकवणारा हात महारोग्याचा होता. माल चांगला असूनही बाजार बंद, ही अवस्था आपण भावामुळे भोगतो; त्यांनी ती भीतीमुळे भोगली.

त्याच सुमारास सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशींचे तरुण स्वयंसेवक वर्धा भागात आले होते. ते आनंदवनात येऊन राहिले. त्यांनी विटा वाहिल्या, भिंती बांधल्या, आणि महारोग्यांनी पिकवलेलेच अन्न रोज खाल्ले. परदेशी शिकलेली पोरे तिथले अन्न खातात आणि त्यांना काही होत नाही, हे गावाने पाहिले. हळूहळू वरोऱ्याची भीती सुटली आणि आनंदवनाचा माल बाजारात खपू लागला.

त्या पोरांनी पैशाची थैली आणली नव्हती. त्यांनी तीन कामे केली. कष्टात हात लावला. पिकवणाऱ्याचा माल स्वतः खाल्ला. आणि त्यांच्या असण्याने बंद पडलेला बाजार उघडला. पुढे आनंदवनाचा गोतावळा वाढला, मित्रमेळावे भरू लागले, पु. ल. देशपांड्यांसारखी माणसे तिथे येऊ लागली. दान माणसाला नादान करते, काम त्याला उभे करते, हे बाबांचे सांगणे होते. त्याचा पुरावाही मिळाला. १९६० च्या दशकात याच आनंदवनाने वरोऱ्यात निरोग्यांच्या मुलांसाठी महाविद्यालय काढले आणि पाठोपाठ कृषी महाविद्यालयही. ज्यांची भाजी गाव घेत नव्हते, त्यांनी गावाच्या पोरांना शाळा दिली. घेणारा देणारा झाला की समजावे, ही मैत्री होती.

हाच हिशेब आज दूरच्या एका मुलखातले शेतकरी मांडत आहेत. तो मुलूख म्हणजे पॅलेस्टाइन. त्याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध जुना आहे. १९३८ च्या नोव्हेंबरात गांधीजींनी 'हरिजन'मध्ये या प्रश्नावर लेख लिहिला, तो आपल्या वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात बसून. छळल्या गेलेल्या यहुद्यांबद्दल त्यांना कळवळा होता. तरी अरबांच्या भूमीवर दुसऱ्यांना बळाने बसवणे अन्याय आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. अरबांनीही अहिंसेची वाट धरली असती तर बरे झाले असते, हेही लिहायला ते विसरले नाहीत. राजकारणाचा तो भाग मोठा आणि रक्ताने माखलेला आहे. आपण त्यातला शेतकऱ्याचा भाग पाहू.

तिथल्या डोंगरउतारावरची शेती बहुतांशी पावसावरची, आपल्यासारखीच. कोरडवाहू शेतीला त्यांच्याकडे 'बाल' म्हणतात. मुख्य पीक जैतून, म्हणजे ऑलिव्ह. ऑक्टोबर-नोव्हेंबरात फळतोडणी होते. शेजारीपाजारी एकमेकांच्या झाडावर तोडायला जातात, त्या रीतीला 'औना' म्हणतात. आपल्याकडे इर्जिक म्हणतात तीच ही. १९६७ पासून हा पश्चिम किनारा इस्रायली लष्कराच्या ताब्यात आहे. तुर्की अमलातला १८५८ चा एक जमीन कायदा तिथे अजून वापरला जातो. त्याच्या आधाराने, सलग तीन वर्षे न कसलेली जमीन सरकारी ठरवता येते. म्हणजे हंगामात शेतकऱ्याला बांधावर जाऊ दिले नाही की पीक तर जातेच, पुढे सातबाराही जातो. पेरणे आणि तोडणे हाच तिथे मालकीचा दाखला.

बेथलेहेमच्या पश्चिमेला वादी फुकीन नावाचे छोटे गाव आहे. गावात झरे आहेत, झऱ्यांच्या पाण्याची टाकी आहेत, त्यावर भाजीपाला होतो. १९५० च्या दशकात हे गाव ओस पडले, माणसे निर्वासित छावणीत गेली, आणि १९७२ मध्ये त्यांना परत येऊन घरे बांधता आली. आज एका बाजूच्या टेकडीवर बेतार इलित ही मोठी इस्रायली वसाहत आहे, दुसऱ्या बाजूला सीमेपलीकडे त्सूर हदासा हे इस्रायली गाव. २०१४ च्या ऑगस्टअखेर इस्रायल सरकारने या गावासह पाच गावांच्या परिसरातली सुमारे हजार एकर जमीन सरकारी म्हणून जाहीर केली.

या गावाला दोन प्रकारचे मित्र मिळाले. अमेरिकेतल्या मेथडिस्ट चर्चच्या मंडळींनी 'वादी फुकीनचे मित्र' असा गट केला आणि गावातल्या कामांना हात दिला. दुसरे मित्र अधिक जवळचे आणि अधिक अवघड, त्सूर हदासाचे काही इस्रायली रहिवासी. त्यांनी शेजारच्या गावची भाजी आणि तेल विकत घ्यायला सुरुवात केली. मग गावाच्या जमिनीतून जाणाऱ्या नियोजित भिंतीविरुद्ध ते गावकऱ्यांच्या बरोबरीने उभे राहिले. स्वतःच्या सरकारविरुद्ध, शेजाऱ्याच्या बांधासाठी! आधी भाजी घेतली, मग बाजू घेतली. हा क्रम ध्यानात ठेवा.

तेलाचेही असेच आहे. २००४ मध्ये इंग्लंडात 'झैतून' नावाची संस्था निघाली, त्याच वर्षी जेनीनला 'कनान' ही खरेदी-विक्रीची संस्था उभी राहिली. शेतकऱ्यांच्या सहकारी गटांकडून ठरल्या भावाने तेल घ्यायचे आणि युरोप-अमेरिकेत विकायचे, हे काम त्यांनी धरले. २००९ मध्ये न्याय्य व्यापाराचा शिक्का मिळालेले जगातले पहिले जैतून तेल बाजारात आले, ते पॅलेस्टाइनचे. तेल घेणारी मंडळे तोडणीलाही माणसे पाठवतात. बाहेरची चार माणसे झाडाखाली असली की दांडगाई करणारा थोडा दबकतो, एवढाही उपयोग मोठा.

आणि गाई? बेथलेहेमजवळच्या बेत साहूर गावाने १९८८ च्या सुमारास, पहिल्या उठावाच्या काळात, आपले दूध आपणच काढायचे ठरवले. इस्रायली किबुत्झमधूनच अठरा गाई विकत आणल्या, कॉलेजची पोरे धार काढायला शिकली. लष्कराने त्या अठरा गाईंना सुरक्षेला धोका ठरवले, तेव्हा गावाने त्या लपवून ठेवल्या. विदर्भात सरकारने वाटलेली गाय कास्तकाराने विकली. बेत साहूरने स्वतः निवडलेली गाय बंदुकीपासून लपवली. गाय तीच. एक वरून आली, दुसरी गावाने ठरवून आणली.

मित्रांच्या जोरावर त्यांचे सगळे ठीक चालले आहे, असे मात्र कोणी समजू नये. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलवर भीषण हल्ला केला, मग गाझात युद्ध पेटले, आणि त्या हंगामात पश्चिम किनाऱ्यावरच्या असंख्य शेतकऱ्यांना आपल्या झाडापर्यंत जाता आले नाही. लंडनचा ग्राहक तेल घ्यायला तयार होता, पण फळ झाडावरच सुकले. मित्र बाजार उघडू शकतो. बांधावरचा पहारा आणि राजधानीतला कायदा तो एकटा बदलू शकत नाही.

आता आपल्या शिवारात येऊ.

नागपूर हे पंचवीस-तीस लाखांचे शहर. रोज भाकरी, दाळ, तेल खाणारे. त्याच्या चहूबाजूंनी आपण. पण मधे अडत्या, दलाल, दाळ मिल, ठोक व्यापारी आणि दुकानदार. नागपूरकराला ठाऊक नाही की त्याच्या ताटातली तूर कोणत्या गावची, आणि आपल्याला ठाऊक नाही की ती कोणाच्या घरी शिजली. अलीकडे नागपुरात बीजोत्सव भरतो, गावरान बियाणे आणि विषमुक्त धान्य घेऊन कास्तकार येतात, शहरातली माणसे पोत्यात हात घालून दाणा पाहतात. एके काळी गरिबाची म्हणून हिणवलेली ज्वारी आता साखरेच्या रोगाने धास्तावलेला शहरी माणूस शोधत फिरतो. २०२३ हे वर्ष तर जगभर भरडधान्याचे वर्ष म्हणून साजरे झाले. ही संधी आहे. पण वर्षाकाठी एक बाजार म्हणजे मैत्री नव्हे.

या जिल्हा बैठकीपुढे आमची सूचना अशी. एका गावाने नागपूर, वर्धा किंवा अमरावतीतली पंचवीस कुटुंबे धरावीत. त्यांना वर्षाची ज्वारी, तुरीची दाळ, मूग, जवस, तीळ गावाने द्यावे. भाव पेरणीआधी एकत्र बसून ठरवावा. खर्चाचा कागद त्यांच्यापुढे मांडावा, बियाणे, खत, निंदण, मजुरी, घरच्या बाईचे राबणे, सगळे त्यात धरून. काही रक्कम त्यांनी जूनमध्ये आगाऊ द्यावी, म्हणजे सावकाराचा ओटा टळेल. पाऊस बुडाला तर तोट्यातला वाटा त्यांनीही उचलावा. हुरड्याला त्यांनी यावेच, पण डवरणीच्या चिखलातही एकदा यावे. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३६९९ रुपये होता. तो कागदावरून खळ्यावर येत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहावे.

आपल्याकडूनही पथ्य पाळले पाहिजे. नमुना एक आणि माल दुसरा, हे चालायचे नाही. ओली ज्वारी, खडे, मापात खोट, असे एकदा झाले की पंचवीस घरे तुटतील आणि गावाचे नाव जाईल. शहरातले सगळेच धनवान नाहीत. तिथला हातमजूर, कारकून, रिक्षावाला महिन्याचे किराणा सामान मोजून भरतो. त्याला लुटून आपले दाम निघणार नाहीत. मधल्या माणसाचा जो वाटा वाचेल, तो दोघांत वाटावा. हिशेबाची वही गावातल्या बायांच्या हाती असावी. १९९१ च्या शेगाव मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली, सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती, निर्यात शेती. माजघरात दाळ भरडून विकणे हा तेव्हाचाच धडा आहे. आपण तो अर्ध्यावर सोडला.

पण कापसाचे काय? तूर शिजवून खाता येते, कापूस खाता येत नाही. तो जिनिंगला जातो, गाठी होतात, गिरणीला जातो, आणि त्याचा भाव अमेरिका-ब्राझीलच्या पिकावर हलतो. वर्ध्याचे मगन संग्रहालय शेतकऱ्यांच्या सेंद्रिय कापसापासून खादी विणते, ते चांगले काम आहे. पण विदर्भाची सगळी पऱ्हाटी त्या मागावर बसणार नाही. पंचवीस घरांची मैत्री कापसाला पुरत नाही, हे खोटी आशा न दाखवता सांगितले पाहिजे.

इथेच मित्राची दुसरी कसोटी लागते. २०२५ च्या ऑगस्टात, बोंडे धरायच्या दिवसांत, केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमका आपला कापूस बाजारात यायचा काळ. त्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव होता ८११० रुपये. तुरीची आयात २०२१ मध्ये निर्बंधमुक्त केली, तिला वर्षामागून वर्ष मुदतवाढ मिळत गेली. उलट भाव वर जाऊ लागला की निर्यात बंद. मे २०२२ मध्ये गहू अडवला, डिसेंबर २०२३ मध्ये कांदा. आयातीला दार उघडे आणि निर्यातीला कुलूप. हे कोणाच्या नावाने केले जाते? शहरातल्या ग्राहकाच्या! म्हणूनच त्या ग्राहकाने उठून सांगितले पाहिजे की माझ्या नावाने शेतकऱ्याचा गळा कापू नका. आपण हजार मोर्चे काढले तरी सरकार म्हणते, शेतकरी आपल्या स्वार्थाचे बोलतो. नागपूरची पंचवीस घरे आपल्या खासदाराला जाऊन हेच बोलली तर ते झटकणे अवघड जाते. त्सूर हदासाच्या शेजाऱ्यांनी हेच केले. जो आपली दाळ घेतो पण आपल्या भावाच्या लढाईत गप्प बसतो, तो चांगला गिऱ्हाईक आहे. त्याला राम राम घालावा, माल द्यावा. मित्र म्हणायची घाई करू नये.

शेवटची गोष्ट आपल्या घरची. वरोऱ्याच्या बाजाराने एके काळी जी भाजी नाकारली, तशी नाकारलेली माणसे आज आपल्या गावात आहेत की नाहीत? ज्या घरचा धनी औषध पिऊन गेला, त्या घरच्या बाईला कृषी केंद्रवाला उधारीवर बियाणे देत नाही, ट्रॅक्टरवाला आधी पैसे मागतो, सातबाऱ्यावर नाव लावायला दीर-सासरे आडवे येतात. तिच्या शेतात मृग निघून गेला तरी तिफण चालत नाही. लांबच्या गावची औना ऐकून आपल्याला भरून येते, आणि आपल्या शेजारचा तुकडा पडीक राहतो. बाहेरचा माणूस मित्र व्हावा असे वाटत असेल, तर आधी गावात इर्जिक सुरू झाली पाहिजे.

म्हणून बैठकीतून उठताना दोन नावे लिहून घ्या. एक, गावातल्या अशा एका घराचे, ज्याची पेरणी येत्या जूनमध्ये गावाने मिळून करायची. दुसरे, शहरातल्या अशा एका ओळखीच्या घराचे, ज्याच्याशी भावाची बोलणी करायची. पुढच्या बैठकीत दोन्हींचा हिशेब घेऊ.